जहाजातून आलेला जाळ

हातकणंगले तालुक्याला समुद्र नाही. उत्तरेला वारणा, मधून वाहणारी पंचगंगा, भोवती उसाचे फड आणि आळते-कुंभोजकडचे डोंगर असा हा मुलूख. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जायचे तर कोल्हापूर, मलकापूर करत आंबा घाट उतरावा लागतो. दीडशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. तरीही तालुक्यातल्या स्वयंपाकघरात रोज सकाळी जो जाळ पेटतो, त्यातला मोठा वाटा समुद्रावरून आलेला असतो. भारत स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के गॅस बाहेरून आणतो. नैसर्गिक वायूपैकी जवळजवळ निम्मा बाहेरचा. परदेशातून देशात येणारी वायुवाहिनी एकही नाही, त्यामुळे बाहेरचा वायू म्हणजे जहाजातला वायू.

हा वायू जहाजात बसला कसा, आपल्या किनाऱ्याला लागला कसा आणि त्यात आपल्या वाट्याला काय आले, याचा शोध मी गेली काही वर्षे माझ्यापुरता घेत आहे. शोध घेताना एक गोष्ट पक्की होत गेली. वायू थंड करून समुद्रापार नेण्याचे अवघड काम माणसाने साठ वर्षांपूर्वीच साधले. अडले ते त्यानंतर, किनाऱ्यावर: धक्क्याशी, करारात आणि दरात. या इतिहासातली कोडी समुद्रात कमी आणि जमिनीवर जास्त आहेत.

गावातले जळण

माझ्या पिढीने तालुक्यात जळणाच्या तीन तऱ्हा पाहिल्या. पहिली गावातच तयार होणारी. घरात शेणी, तुरकाट्या, बाभळीचे सरपण. गुऱ्हाळाच्या चुलवाणात उसाची चिपाडे. हुपरीच्या चांदी कारागिरांकडे मूस तापवायला कोळसा. या जळणाला दलाल नव्हता, पण ते फुकट नव्हते. त्याची किंमत बायका डोक्यावरच्या भाऱ्याने आणि डोळ्यांतल्या पाण्याने देत होत्या.

दुसरे जळण रॉकेल. ते जहाजानेच आले. १८९२ मध्ये ‘म्युरेक्स’ नावाचे तेलवाहू जहाज बाकूचे रॉकेल घेऊन सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेले, तेव्हापासून आशियातल्या बाजारात रॉकेल टाक्या भरभरून येऊ लागले. त्याआधीच्या वर्षी, १८९१ मध्ये, मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झालेली होती. बंदरातला माल आता आमच्या भागापर्यंत रुळांवरून येऊ शकत होता. आपल्याकडे रॉकेलला ‘घासलेट’ही म्हणतात. या शब्दात इंग्रजी ‘गॅसलाइट’ दडला आहे. गॅस खेड्यात पोचायच्या कितीतरी आधी त्याचे नाव येऊन पोचले आणि भलत्याच पदार्थाला चिकटले!

रॉकेल लवकर पोचले, कारण ते डब्यात राहते. वायू डब्यात राहत नाही. सगळ्या गोष्टीचे मूळ एवढ्यात आहे.

तिसरी तऱ्हा सिलिंडरची. भारतात या गॅसची विक्री १९५५ मध्ये मुंबईत बर्मा-शेल कंपनीने ‘बरशेन’ या नावाने सुरू केली. पुढे १९६५ मध्ये इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ आला. १९७४ मध्ये एस्सोचे राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्तान पेट्रोलियम उभी राहिली आणि १९७६ मध्ये बर्मा-शेलची भारत पेट्रोलियमच्या रूपाने नवी सुरुवात झाली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस अनेकांना आठवत असतील. घरात गॅस येणे ही तेव्हा फ्रिज येण्याइतकीच मिरवायची गोष्ट होती. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि चुलीपुढच्या उरलेल्या घरांतही सिलिंडर शिरला. तो दुसऱ्यांदा भरून आणायला परवडतो का, हा प्रश्न मात्र प्रत्येक घराचा वेगळा राहिला.

दोन वायू, दोन स्वभाव

इथे एक घोळ मिटवला पाहिजे. सिलिंडरमधला गॅस आणि पाइपमधून येणारा गॅस हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. त्यालाच एलपीजी म्हणतात. हे वायू समजूतदार: नेहमीच्या तापमानाला नुसता दाब दिला तरी द्रव होतात. म्हणून १४.२ किलो गॅस लोखंडी टाकीत घालून सायकलवरूनही नेता येतो. मोठ्या जहाजात एवढा दाब सहन करणारी टाकी फार जड होईल, म्हणून तिथे दाबाऐवजी थंडी वापरतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना द्रव होतो. १९६२ मध्ये जपानच्या ‘ब्रिजस्टोन मारू’ या जहाजाने पूर्णपणे थंड केलेला असा गॅस वाहण्याची वाट घालून दिली. आजचे मोठे एलपीजी जहाज एका खेपेत सुमारे ४५ हजार टन गॅस आणते. घरगुती सिलिंडरच्या हिशेबात हे ३१ लाखांहून अधिक सिलिंडर झाले. मुंबई, उरण, मंगळूर अशा बंदरांत ते रिकामे होते. पुढे नळ, टँकर आणि बाटलीबंद करणारे कारखाने असा प्रवास करून तो गॅस आपल्या दारात येतो. हमरस्त्यावर ‘अत्यंत ज्वलनशील’ असे लिहिलेला जो लांबोडका टँकर दिसतो, तो त्या जहाजाचा जमिनीवरचा धाकटा भाऊ.

पाइपमधला किंवा सीएनजी पंपावरचा वायू म्हणजे मिथेन. तो हट्टी आहे. नेहमीच्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही. उणे ८२ अंशांच्या खाली नेल्यावरच दाबाला दाद देतो आणि साध्या हवेच्या दाबाखाली द्रव ठेवायचा तर उणे १६२ अंश लागतात. पण एकदा द्रव झाला की ६०० घनमीटर वायू एका घनमीटरात मावतो. या द्रवाला एलएनजी म्हणतात.

थंडीचे जहाज

मिथेन द्रवरूपात साठवण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत भयानक रीतीने फसला होता. २० ऑक्टोबर १९४४ रोजी क्लीव्हलँड शहरात अशी एक टाकी फुटली, द्रव गटारांत आणि रस्त्यांवर पसरला, पेटला आणि सुमारे १३० माणसे गेली. युद्धकाळात निकेलची टंचाई होती. टाकीचे पोलाद कमी निकेलचे होते आणि एवढ्या थंडीत ते ठिसूळ झाले. जहाजाचे पोलादही असेच तडकेल, ही भीती त्यानंतर प्रत्येक आराखड्यामागे उभी होती.

पुन्हा प्रयत्न सुरू झाला तो चमत्कारिक ठिकाणाहून. शिकागोतल्या जनावरांच्या बाजाराचे प्रमुख विल्यम वुड प्रिन्स यांना लुइझियानातला स्वस्त वायू मिसिसिपी नदीतून बार्जवर आणायचा होता. जळण मिळेल आणि त्याची थंडी मांस टिकवायला वापरता येईल, असा त्यांचा दुहेरी हिशेब. नदीचा बेत तडीस गेला नाही, पण त्यातून समुद्राचा बेत निघाला. थंडीत ठिसूळ न होणारे अॅल्युमिनियम टाक्यांसाठी आणि हलके बाल्सा लाकूड थंडी अडवण्यासाठी वापरून एका जुन्या मालवाहू जहाजाचे रूपांतर झाले. नाव ‘मिथेन पायोनियर’. २५ जानेवारी १९५९ रोजी ते लुइझियानातल्या लेक चार्ल्सहून निघाले आणि २० फेब्रुवारीला लंडनजवळच्या कॅन्व्ही बेटाला लागले. जगातली ही पहिली समुद्रपार खेप.

ब्रिटनला या वायूची घाई का होती, हेही पाहण्यासारखे आहे. डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुराने लंडन कोंडले आणि त्या काळी केलेल्या मोजदादीनुसार सुमारे ४,००० माणसे दगावली. १९५६ मध्ये हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला. ज्या धुराने आपल्या आयाबहिणींचे डोळे गेले, त्याचीच ही मोठी, शहरी आवृत्ती. १९६४ पासून ‘मिथेन प्रिन्सेस’ आणि ‘मिथेन प्रोग्रेस’ ही दोन जहाजे अल्जीरियाच्या आर्झ्यू बंदरातून नियमित वायू आणू लागली आणि प्रयोगाचा व्यापार झाला.

या जहाजांची गंमत अशी, की त्यांत थंडी निर्माण करण्यापेक्षा ती राखण्यावर भर असतो. ती तरंगते थर्मास आहेत. काहींच्या डेकवर अर्धगोल घुमट दिसतात. नॉर्वेत विकसित झालेल्या गोल टाक्यांचे ते माथे. काहींच्या पोटात एका मिलिमीटरहूनही पातळ निकेल-पोलादाचे अस्तर असते. कितीही राखले तरी दिवसाला थोडा द्रव उकळून वायू होतोच. पूर्वीपासून तोच वायू जहाजाच्या बॉयलरमध्ये जाळून जहाज चालवतात. माल स्वतःचे भाडे स्वतःच भरत जातो म्हणायचे. आणि माल उतरवताना टाकी पूर्ण कोरडी सहसा करत नाहीत. परतीच्या वाटेवर टाकी थंड राहावी म्हणून तळाशी थोडा द्रव ठेवतात, आपण विरजणापुरते दही मागे ठेवतो तसे.

क्लीव्हलँडची भीती समुद्रावर खरी ठरली नाही. १९७९ मध्ये ‘एल पासो पॉल केसर’ हे भरलेले एलएनजी जहाज जिब्राल्टरजवळ खडकावर चढले. तळ फाटला, पण टाक्यांतून माल गळला नाही. दुसऱ्या जहाजात भरून तो पुढे गेला. मघाशी म्हटले ते यासाठीच: जहाजाचे कोडे सुटले होते.

दाभोळ

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. दाभोळ हे वाशिष्ठीच्या मुखावरचे जुने बंदर. बहामनी आणि आदिलशाही काळात इराण-अरबस्तानचे घोडे होर्मुझमार्गे जहाजांतून या किनाऱ्याला उतरत आणि सह्याद्रीचे घाट चढून देशावर जात. पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी अफनासी निकितिन परत जाताना दाभोळहूनच जहाजावर चढला. आजही आपल्याकडच्या वायूचा मोठा भाग त्याच आखातातून, त्याच होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. जगातल्या एलएनजी व्यापाराचा सुमारे पाचवा हिस्सा तिथून जातो. माल बदलला, वाट तीच राहिली.

ज्याला आपण ‘दाभोळ प्रकल्प’ म्हणतो तो खाडीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या परिसरात आहे. १९९२ मध्ये एन्रॉनशी प्राथमिक करार झाला, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार. १९९५ मध्ये सत्तांतर होऊन प्रकल्प रद्द झाला. अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा झाल्या. १९९६ मध्ये नव्या अटींवर तो पुन्हा वर आला. स्थानिक मच्छीमारांनी, त्यातही बायकांनी मोठा विरोध केला. त्यांच्यावरच्या पोलिसी कारवाईची दखल ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात घेतली.

विजेच्या दराचा वाद सर्वांना ठाऊक आहे. त्या गदारोळात मागे पडली ती गोष्ट वायूची. मे १९९९ मध्ये सुरू झालेला ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्त्यावर चालत होता. दुसरा टप्पा आल्यावर सगळे केंद्र एलएनजीवर जायचे होते. त्यासाठी ओमान आणि अबू धाबीशी वीस वर्षांचे करार झाले. प्रत्येकी १ लाख ६० हजार घनमीटरच्या तीन टाक्या, धक्का आणि धक्क्याला खुल्या समुद्रापासून आडोसा देणारी लाटारोधक भिंत, म्हणजे ब्रेकवॉटर, असा घाट घातला गेला. मे २००१ मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबवली, केंद्र बंद पडले, डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. टाक्या बव्हंशी तयार होत्या. भिंत अपुरी राहिली.

दरम्यान पहिला मान गुजरातने घेतला. ३० जानेवारी २००४ रोजी ‘दिशा’ हे १ लाख ३८ हजार घनमीटरचे जहाज कतारच्या रास लफानहून पेट्रोनेटच्या दहेज बंदरात आले. दक्षिण कोरियात बांधलेले हे जहाज चालवण्यात मुंबईची शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया जपानी कंपन्यांसोबत भागीदार होती. अशा एका खेपेतून सव्वाआठ कोटी घनमीटरच्या आसपास वायू मिळतो. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी दाभोळची मालमत्ता रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीत घेतली, आणि २००७ मध्ये पनवेलहून दाभोळला पाइप आला. जहाजे घेण्यासाठी उभारलेल्या ठिकाणी दहेजला उतरलेला वायू जमिनीवरून येऊ लागला. विहीर खणून शेजारच्या आडाचे पाणी आणावे तसे हे झाले.

दाभोळचे स्वतःचे टर्मिनल सुरू झाले ते जानेवारी २०१३ मध्ये, आणि तेही उन्हाळी पिकासारखे. अपुऱ्या भिंतीमुळे पावसाळ्यात जहाज धक्क्याला उभे राहू शकत नव्हते. वर्षाला ५० लाख टनांची क्षमता असलेले टर्मिनल त्यामुळे सुमारे २९ लाख टनांवर अडले. मी अंजनवेलला गोपाळगडाच्या बाजूने हा किनारा पाहिला आहे. जून-जुलैत तिथला समुद्र पाहिला की कोणाही कोळ्याला जे ठाऊक असते ते कळते: पश्चिमेकडून येणाऱ्या लाटेपुढे आडोसा नसेल तर नाव लागत नाही. अब्जावधींचा प्रकल्प या साध्या गोष्टीवर वर्षानुवर्षे खोळंबला. पुढे गेलने भिंतीचे काम पुन्हा हाती घेतले.

३० मार्च २०१८ रोजी ‘मेरिडियन स्पिरिट’ हे जहाज अमेरिकेशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या कराराची पहिली खेप घेऊन दाभोळला लागले. ते निघाले होते लुइझियानातल्या सबाइन पासहून. १९५९ मध्ये ‘मिथेन पायोनियर’ जिथून निघाले त्या लेक चार्ल्सच्याच परिसरातून. एकोणसाठ वर्षांनी तो वायू कोकणात आला.

तालुक्याच्या वेशीवर

दाभोळहून बंगळूरला जाणारी गेलची वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली. ती कोकणातून घाट चढून कोल्हापूर जिल्ह्यातून बेळगावकडे जाते. घोड्यांची जुनी वाट आता जमिनीखालून, असे म्हणायचा मोह होतो. २०१८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात घरोघर आणि कारखान्यांना वायू पुरवण्याचे काम हिंदुस्तान पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांच्या संयुक्त कंपनीकडे आले.

आमच्या तालुक्यात अशा वायूला गिऱ्हाइके कमी नाहीत. इचलकरंजीच्या प्रोसेसिंगमध्ये कापडावरचे तंतू ज्योतीवर जाळून काढतात, त्याला एकसारखी स्वच्छ ज्योत लागते. शिरोलीच्या फौंड्रीत रस ओतायच्या आधी लॅडल तापवावे लागते. हुपरीच्या कारागिराला चांदीचा जोड देताना जाळ बोटाएवढा बारीक हवा असतो. कोळशाच्या भट्टीपुढे बसून छाती भरून आलेली माणसे मी पाहिली आहेत. स्वच्छ जाळ हा त्यांच्यासाठी आयुष्याच्या वर्षांचा प्रश्न आहे.

पण २०२२ साल विसरता येत नाही. रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पाइपने येणारा रशियन वायू आटला तसा युरोप मिळेल ते एलएनजी जहाज विकत घेऊ लागला. जे वायू दहा डॉलरच्या आसपास मिळत असे, त्याचे बाजारभाव पन्नास डॉलरच्या पुढे गेले. गेलला करारातल्या काही खेपा मिळाल्याच नाहीत आणि तिला देशातल्या ग्राहकांचा पुरवठा कमी करावा लागला. पाइपला शहर सोडून जाता येत नाही. जहाजाला जिथे भाव जास्त तिकडे तोंड वळवता येते. जहाजाने वायूला जगभर फिरण्याचे स्वातंत्र्य दिले, ते असे. कतारशी पेट्रोनेटने केलेला करार फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवला गेला, त्यामागे हाच धडा होता: लांबचा करार ही सुद्धा एक भिंतच असते, भावाच्या लाटा अडवणारी.

म्हणून गॅस नको, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. शेणीचा धूर परत यावा असे कोणाही आईला वाटणार नाही. परंतु चिपाडावर चालणाऱ्या चुलवाणाला होर्मुझची चिंता नव्हती, आणि पाइपवर चालणाऱ्या भट्टीला ती असणार, हे उद्योग हलवण्याआधी सांगितले गेले पाहिजे. दाभोळला दोन भिंती हव्या होत्या. समुद्राची भिंत अपुरी राहिली तेव्हा ती किनाऱ्यावरून दिसत तरी होती. कराराची भिंत कच्ची आहे हे दर फुटेपर्यंत कोणाला दिसत नाही. तालुक्यातला छोटा कारखानदार गॅसजोडणीच्या अर्जावर सही करतो, तेव्हा दर किती काळ बांधलेला आहे आणि खेप चुकली तर भुर्दंड कोण सोसणार, हे दोन प्रश्न त्याने विचारावेत. उणे १६२ अंशांचा द्रव सांभाळण्यापेक्षा त्यांची उत्तरे मिळवणे सोपे असायला हवे.